निकालपत्र वाचता येईल अशी इंग्रजी

मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ रोजी सागरी किनारा मार्गाला, म्हणजे कोस्टल रोडला, मिळालेल्या सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) मंजुऱ्या रद्द केल्या. त्या प्रकरणातल्या याचिकाकर्त्यांत एक नाव वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटीचे होते. निकालपत्र दोनशेहून अधिक पानांचे आणि सगळे इंग्रजीत. पाच महिन्यांनी, १७ डिसेंबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि थांबलेले काम पुन्हा सुरू झाले. तो आदेशही इंग्रजीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे संसदेने वेगळी तरतूद करेपर्यंत या दोन्ही पातळ्यांवरचे कामकाज इंग्रजीतच चालायचे आहे. वरळीचे नाखवे ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या होड्या घालत आले, त्या पाण्याचे काय होणार हे ज्या कागदांवर ठरत होते, ते कागद कोळीवाड्यातल्या कितीतरी घरांना दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागले. वकिलांनी, कार्यकर्त्यांनी, वर्तमानपत्रांनी ते समजावले आणि मनापासून समजावले. पण त्याच घरात नववी-दहावीत शिकणारी एखादी मुलगी होती. ती पहिलीपासून इंग्रजी शिकत आली होती. तिच्या हातात त्या निकालाचे एक पान दिले असते तर तिला ते वाचता आले असते का?

हे पुस्तक या प्रश्नातून तयार झाले आहे. मराठी माध्यमाच्या किंवा सेमी इंग्रजीच्या शाळांत आठवी, नववी, दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ते आहे. यातले पाठ वरळी कोळीवाड्याभोवती बांधलेले आहेत, कारण शेजारच्या समुद्रात नेमके काय चालले आहे हे तिथल्या मुलांना माहीत असते आणि त्याविषयी त्यांना बोलायचेही असते. भाषा शिकवणाऱ्याला याहून मोठे भांडवल मिळत नाही.

‘प्रगत इंग्रजी’ म्हटले की बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर फाडफाड बोलणारे मूल येते. दादरपासून लालबागपर्यंतच्या गल्ल्यांत स्पोकन इंग्लिशच्या क्लासांच्या पाट्या याच चित्रावर चालतात. बोलता येणे चांगलेच आहे, त्याने मुलांची भीड चेपते. पण या पुस्तकात ‘प्रगत’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला आहे. अनोळखी, लांबलचक, कोरड्या इंग्रजी मजकुरातून कोण काय म्हणतो आहे हे काढता येणे. त्यात काय गाळले आहे ते ओळखता येणे. आणि आपले म्हणणे समोर नसलेल्या, आपल्याला न ओळखणाऱ्या वाचकाला पटेल अशा क्रमाने इंग्रजीत लिहिता येणे. एवढे दहावीच्या मुलाला जमते, हे मी ठामपणे म्हणतो. बहुतेकांना ते येत नाही, कारण आपण ते शिकवतच नाही.

आज आपण काय शिकवतो, तेही पाहायला हवे. महाराष्ट्रात २००० सालापर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होते. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून आले. म्हणजे आजचे दहावीचे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. या दहा वर्षांच्या अखेरीस त्याच्या हातात तृतीय भाषेचे ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ असते. पुस्तक वाईट नाही. कविता आहेत, गोष्टी आहेत, करून पाहायच्या कृती आहेत. पण वर्गात त्याचे काय होते? बोर्डाच्या पेपरात कवितेचे रसग्रहण येते, त्याचे मुद्दे ठरलेले असतात, आणि गाइडमधल्या रसग्रहणात फक्त कवीचे व कवितेचे नाव बदलून ते पाठ केले जाते. पत्रलेखनाचा साचा पाठ. भाषणाची सुरुवात आणि शेवट पाठ. ‘अपेक्षित’ प्रश्नसंच सोडवून मूल चांगल्या गुणांनी पास होते, आणि जून-जुलैत अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसते तेव्हा त्याच्यासमोर इंग्रजीतले भौतिकशास्त्र, इंग्रजीतले जीवशास्त्र आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांबरोबर इंग्रजीचे एकच ‘युवकभारती’ पाठ्यपुस्तक असते. या एका सुट्टीत त्याने जी उडी मारावी अशी आपली अपेक्षा असते, तिची तयारी त्याआधीच्या तीन वर्षांत कोणीही करून घेतलेली नसते. सेमी इंग्रजीमुळे गणित-विज्ञानाच्या संज्ञा ओळखीच्या होतात हे खरे, पण त्या संज्ञांच्या भोवतीची वाक्ये (एखादी गोष्ट का घडते, कशावरून म्हणता, अपवाद कोणता) परकीच राहतात.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली एक भेद मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा आणि शाळेतल्या विचाराची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे म्हणणे. टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांविषयीच्या त्यांच्या अभ्यासातून दिसले ते असे की मैदानावरची, बसमधली, दुकानातली इंग्रजी अशा मुलांना साधारण दोन वर्षांत येते. मात्र धड्यातली, प्रयोगवहीतली, निबंधातली इंग्रजी वयाच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. शिक्षक फसतो तो इथे. मूल छान बोलते म्हणून त्याला सगळे कळते असे त्याला वाटते. आणि लक्षात घ्या, त्या मुलांच्या चहूबाजूंना इंग्रजी होती. आपल्या मुलांना दिवसाला एक तासिका मिळते. तेव्हा ही दुसऱ्या प्रकारची भाषा आपोआप येईल म्हणून थांबणे परवडणारे नाही. ती नाव घेऊन, समोर ठेवून शिकवावी लागते.

इंग्रजीचा असा उपयोग आपल्याकडे नवा नाही. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले ते सगळ्यांना आठवते. मला त्याहून अधिक जवळचे वाटतात जोतीराव फुले. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’चा मजकूर मराठीत आहे, पण त्याला त्यांनी इंग्रजी प्रस्तावनाही जोडली. ज्यांच्यासाठी पुस्तक होते त्यांची भाषा एक आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांची दुसरी. जोतीरावांनी दोघांनाही सोडले नाही. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले तेही इंग्रजीत. सरकार सारा गोळा करते शेतकऱ्याकडून आणि शिक्षणाचा खर्च करते वरच्या वर्गांवर, हा त्यातला युक्तिवाद. एका मिशनच्या शाळेत शिकलेल्या माणसाने सरकारला सरकारच्याच भाषेत हिशेब विचारला होता. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर वरळीपासून हाकेच्या अंतरावरचे. परळच्या चाळीत राहून, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकून १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या विद्यार्थ्याने १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू इंग्रजीत मांडली आणि लगेच पुढच्या वर्षी ‘मूकनायक’ मराठीत काढले. या दोघांपैकी कोणाचीही मराठी इंग्रजीमुळे दुबळी झाली नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे दोघे थोर पुरुष म्हणून येतात. इंग्रजीच्या तासाला ते युक्तिवाद लिहिणारे म्हणूनही यायला हवेत.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचे ते थोडे तपशिलात सांगतो, कारण पुस्तकातल्या पाठांची रीत त्यातून कळेल.

पहिल्या पाठात फक्त एक वाक्य आहे. पर्यावरणविषयक अहवालांत ज्या घाटाची वाक्ये येतात त्या घाटाचे ते मुद्दाम रचलेले आहे: ‘फिशिंग अ‍ॅक्टिव्हिटीज मे बी टेम्पररिली अफेक्टेड ड्यूरिंग द कन्स्ट्रक्शन पीरियड.’ नववीच्या वर्गाला यातला एकही शब्द फार जड नाही. फळ्यावर ते लिहून शिक्षकाने अर्थ सांगायचा नाही, प्रश्न मागायचे. प्रश्न मराठीत आले तरी चालतील, कोळी बोलीत आले तरी चालतील. टेम्पररिली म्हणजे किती दिवस? एक हंगाम की चार? मे म्हणजे होईल की होणार नाही, आणि हे कोणी ठरवले? अफेक्टेड, पण कोणामुळे? करणारा वाक्यात आहेच कुठे? मराठीच्या तासाला मुले कर्मणी प्रयोग शिकलेली असतात. तेच हत्यार इथे वापरायला सांगायचे. कर्ता जिथे लपलेला आहे तिथे तो शोधून लिहायचा आणि वाक्य पुन्हा रचायचे. सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र सुरुवातीच्या दोन शब्दांविषयी आहे. फिशिंग अ‍ॅक्टिव्हिटीजमध्ये कोण कोण येते? होडीवर जाणारे तांडेल आणि खलाशी येतात, हे उघड. पण किनाऱ्यावर मासळी निवडणारी, वाळवणारी, पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई त्यात धरली आहे का? नुकसानभरपाईची यादी करताना ती धरली जाईल का? ज्या मुलीची आई किंवा आजी मासळी विकते तिला हा प्रश्न सुचवावा लागत नाही. तिला फक्त तो इंग्रजीत विचारायची दोन-तीन वाक्ये हवी असतात: ‘डझ धिस इन्क्लूड...’, ‘हू डिसायडेड दॅट...’, ‘व्हॉट इज द बेसिस फॉर...’. ती तिला द्यायची, वहीत लिहून घ्यायची आणि पुढच्या प्रत्येक पाठात वापरायला लावायची.

न्यूझीलंडमधल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक इंग्रजीत पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबे आहेत. टेम्पररी, अफेक्ट, इम्पॅक्ट, असेस, सिग्निफिकंट, अल्टरनेटिव्ह, कॉम्पेन्सेट हे सगळे तिच्यात आहेत. हेच शब्द अकरावीच्या विज्ञानात येतात, न्यायालयाच्या निकालात येतात, विमा पॉलिसीत आणि गृहकर्जाच्या करारातही येतात. दहावीपर्यंत यातले दोन-अडीचशे शब्द वाक्यासकट मुलांच्या हाती दिले तर अकरावीची ती उडी निम्मी सोपी होईल. सुटे शब्द आणि समोर अर्थ अशी पाठांतराची यादी मात्र करू नये. ती आठवडाभरही टिकत नाही.

दुसरा मोठा पाठ वादाचा आहे. कोस्टल रोडला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमध्ये किती अंतर असावे, यावरून वरळीच्या क्लीव्हलँड बंदराच्या कोळ्यांचा आणि महापालिकेचा बराच काळ संघर्ष चालला. आराखड्यात अंतर ६० मीटर होते. कोळ्यांची मागणी २०० मीटरची होती. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तोड निघाली. मुलांच्या दृष्टीने हा विषय सोन्यासारखा आहे, कारण त्यात आकडे आहेत, दोन खऱ्या बाजू आहेत आणि निकाल एकतर्फी नाही.

हा पाठ तीन टप्प्यांत घ्यावा. ऑस्ट्रेलियातल्या पॉलिन गिबन्स यांनी विज्ञानाच्या वर्गात दाखवलेली ही वाट आहे. तिथे मुलांनी आधी लोहचुंबक हाताळत आपसात बोलायचे, मग वर्गाला सांगायचे, मग लिहायचे. आपल्याकडे लोहचुंबकाच्या जागी पुलाचा खांब. पहिल्या टप्प्यात चार-पाच जणांच्या गटात, बाकावर दोन डबे खांब म्हणून आणि खोडरबर होडी म्हणून ठेवून, वारा आडवा आला तर काय होते ते मुलांनी एकमेकांना दाखवायचे. भाषा जी येईल ती. दुसऱ्या टप्प्यात एकाने उठून वर्गाला सांगायचे. आता हातवारे अपुरे पडतात, शब्द लागतात, आणि शिक्षक तिथल्या तिथे इंग्रजी शब्द पुरवतो. तिसऱ्या टप्प्यात लिहायचे, तेही कधी वरळीला न आलेल्या अधिकाऱ्याला उद्देशून.

पहिला खर्डा साधारण असा येतो: ‘पिलर इज क्लोज. बोट विल हिट. वी वॉन्ट मोअर गॅप.’ याला लाल शाई लावायची घाई करू नये. म्हणणे पूर्ण आहे. कारण लपलेले आहे. शिक्षकाने विचारायचे, का आदळेल? केव्हा आदळेल? मग दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात असे काही उतरते: ‘इफ द विंड पुशेस द बोट साइडवेज, द तांडेल हॅज नो टाइम टु टर्न. अ वायडर गॅप वुड गिव्ह हिम दॅट टाइम.’ इफ आणि वुड यांचा धडा इथे संपूर्ण झाला, आणि तो व्याकरणाच्या पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरून झाला नाही. ‘तांडेल’ हा शब्द इंग्रजी वाक्यात तसाच ठेवावा आणि तळाशी एका ओळीत अर्थ द्यावा, असा माझा आग्रह आहे.

त्यानंतरची अट मुलांना जड जाते, पण तीच सोडू नये. आपली बाजू मांडण्याआधी महापालिकेची बाजू तिला मान्य होईल अशा शब्दांत लिहायची. काम पुढे गेलेले आहे, आराखडा बदलला तर खर्च आणि वेळ वाढेल, ६० मीटर पुरेसे आहे असे तिचे म्हणणे होते. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड फोडता येत नसे. ती शिस्त इथे कामी येते. ‘इट इज ट्रू दॅट’ने सुरू होणारे एक प्रामाणिक वाक्य, मग ‘हाउएव्हर’, आणि मग आपले कारण. पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या आजोबांच्या रोजीरोटीविरुद्धचा युक्तिवाद नीट लिहायला लावणे कठोर वाटेल. परंतु समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडता आले की उत्तरही भक्कम होते, हे त्या मुलाला याच वयात कळायला हवे.

बोलीविषयी वेगळे सांगितले पाहिजे. कोळीवाड्यातले मूल घरी ‘मी कोली हाय’ म्हणते आणि शाळेत ‘मी कोळी आहे’ असे लिहिते. म्हणजे इंग्रजीला हात लावण्याआधीच त्याने घरची एक भाषा आणि शाळेची एक भाषा सांभाळायला शिकून घेतलेले असते. बाजारात आईच्या शेजारी बसताना हिंदी आणि तोडकीमोडकी गुजरातीही कानावर पडलेली असते. हे कौशल्य आहे. आपण त्याला अशुद्ध बोलणे म्हणून दाबतो आणि मग तक्रार करतो की मूल इंग्रजीत तोंड उघडत नाही. या पुस्तकात विचार करण्यासाठी बोली आणि मराठी, कच्चे टिपण काढण्यासाठी दोन्हींची सरमिसळ आणि शेवटच्या लेखनासाठी इंग्रजी, अशी वाटणी आहे. बंगळूर प्रकल्पात (१९७९ ते १९८४) एन. एस. प्रभू यांनी प्रादेशिक माध्यमाच्या मुलांना वेळापत्रके आणि नकाशे यांवरची कोडी सोडवायला दिली. लक्ष अर्थावर असताना भाषेचे रूप आत जाते, या विश्वासावर तो उभा होता. चाळीस वर्षांनंतरही आपल्या शाळांसाठी त्याहून योग्य पाया मला दिसत नाही.

दोन आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पहिला असा की कोळ्यांच्या मुलांनी इंग्रजी शिकण्यापेक्षा सरकारने कागद मराठीत द्यावेत. द्यावेतच. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची भाषा झाली आहे, आणि २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेत अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही देण्याची तरतूद आहे. २०२० साली त्या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तेव्हा तो सर्व २२ अनुसूचित भाषांत उपलब्ध करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. ही मागणी लावून धरलीच पाहिजे. पण सारांश म्हणजे अहवाल नव्हे, आणि सारांशात काय आले नाही हे मूळ वाचणाऱ्यालाच कळते. मराठीतला कागद मागण्याचा हक्कही, मूळ कागद वाचता येणारी माणसे वस्तीत असली की अधिक जोराने बजावता येतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: पोर्शन संपवायचा कधी? वर्ग भरलेला, बोर्ड डोक्यावर. त्यांचे दुःख मला ठाऊक आहे आणि त्यावर उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. म्हणून पुस्तकातला प्रत्येक पाठ दोन तासिकांत बसेल असा केला आहे. तसेच दहावीचा लेखी पेपर ८० गुणांचा असला तरी उरलेले २० गुण शाळेच्या हातात असतात. ते आज बहुतेक ठिकाणी सरसकट वाटले जातात. त्या गुणांसाठी मुलाला एक परिच्छेद वाचून तीन प्रश्न विचारायला लावा. त्याने नियम मोडत नाही आणि पोर्शनही मागे राहत नाही.

मुख्याध्यापकांना एक विनंती. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांना आठवड्यातून एकदा एकत्र बसू द्या. युक्तिवाद करणे, कारण देणे, कर्ता शोधणे हे दोघेही त्याच मुलांना शिकवतात आणि एकमेकांच्या वहीत काय आहे हे दोघांनाही माहीत नसते. या एका बदलाला पैसा लागत नाही.

पुस्तक वरळीचे असले तरी ते तिथेच अडकून राहू नये. वाढवणच्या शिक्षकाकडे बंदराचे कागद आहेत, धरणाच्या गावात पुनर्वसनाचे आहेत, लालबागच्या शाळेच्या आसपास चाळींच्या पुनर्विकासाचे करार आहेत. आपल्या वस्तीचा एक कागद घ्या, त्यातला एक परिच्छेद निवडा आणि येत्या जूनमध्ये आठवीच्या वर्गापासून सुरुवात करा. दहावीची वाट पाहू नका.